मॉरिशसला पहिल्यांदाच चाललोय : काय खायचं, कुठे आणि किती वाजता?

तिलकनगरवाली
नमस्कार मंडळी. मुलांना नाताळची सुट्टी लागली की आम्ही मॉरिशसला जातोय. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. राहायला पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकला. एजंटने तिन्ही वेळचं जेवण हॉटेलातच धरलंय. वर म्हणतो, "मॅडम, बाहेर व्हेज काही मिळत नाही, आम्ही इंडियन बुफे देतो ना!" आता पनीर बटर मसाला खायला हिंदी महासागर ओलांडायचा का, सांगा.
सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवरा आणि मोठा मुलगा सगळं खातात. धाकटी फक्त गोड खाते. समुद्र, धबधबा, सात रंगांची माती हे सगळं यूट्यूबवर पाहून झालंय. मला फक्त खाण्याचं हवंय. तिथे राहिलेलं कुणी आहे का इथे?

जीरावन
ताई, एकदम बरोबर धागा काढला. इंदूरचा माणूस चंद्रावर गेला तरी आधी विचारेल, सराफा (आपला रात्रीचा खाऊबाजार) कुठे आहे. मी पण वाचून राहिलो. लिहा हो कुणीतरी.

बेटावरचा
मी राहिलोय, नोकरीनिमित्त, एबेनला. (मूळचा इंदूरच्या रामबागेतला.) सविस्तर लिहितो, घाई नसेल तर वाचा.

सगळ्यात आधी एजंटला फोन करा आणि दुपारचं जेवण काढून टाका. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात ठेवा, त्याला ते लोक हाफ बोर्ड म्हणतात. कारण असं की हे बेट दिवसा खातं. आपल्याकडे सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खरी मजा सुरू होते. तिथे उलटं आहे. पोर्ट लुई म्हणजे राजधानी, पण संध्याकाळी ऑफिसं सुटली की गाव रिकामं होतं. दालपुरीच्या गाड्या सकाळी लागतात आणि माल संपला की दुपारीच उठतात. रात्री साडेनऊला "चल जरा बाहेर काहीतरी चटपटीत खाऊन येऊ" म्हणून निघालात तर बंद शटरं बघून परत याल. म्हणून दुपारचं पोट मोकळं ठेवा.

आता दालपुरी. हे तिथलं सगळ्यात मोठं खाणं. हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे), फ्रेंच वंशाचे, सगळे रांगेत उभे असतात. बिहारमधून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांनी ती नेली. शिजवलेली पिवळी डाळ कोरडी वाटून, हळद-जिरं घालून कणकेत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की पुरणपोळी करणाऱ्या बाईनेही दोन मिनिटं बघत राहावं. गोड मात्र नसते. विकतात जोडीने. दोन पुऱ्या एकावर एक, मधे मोठ्या पांढऱ्या दाण्यांची रस्सा उसळ, टोमॅटोची रुगाय (दाट मसालेदार रस्सा), कोथिंबिरीची चटणी आणि वाटलेली मिरची. कागदात गुंडाळून हातात देतात, उभ्या उभ्या खायची. मागताना "एन पेर" म्हणा, म्हणजे एक जोडी. मिरची नको असेल तर "साँ पिमाँ". सासूबाईंना बिनधास्त द्या, मूळ दालपुरी शाकाहारीच असते.

कुठली खायची? सगळे रोझ हिलच्या देवा अँड सन्सचं नाव घेतात आणि ते खोटं नाही. पण मी सांगेन, गाडीचं नाव विचारू नका, रांग बघा. जिथे जेवणाच्या सुट्टीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले बँकेतले लोक उभे आहेत, तिथे उभे राहा.

पोहे_विथ_उसळ
दालपुरी मी खाल्लीय. खरं सांगू? एवढं काही नव्हतं त्यात. गार, चिवट, आत काय भरलंय तेही कळेना. रिसॉर्टमध्ये "मॉरिशियन नाइट" होती, त्यात होती.

बेटावरचा
@पोहे_विथ_उसळ, बुफेच्या भांड्यात तासभर पडलेली दालपुरी आणि गाडीवरची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. गाडीवर ती कापडाखाली थप्पी लावून ऊबदार ठेवतात, आणि रांग असली की थप्पी टिकत नाही. इंदूरच्या राजवाड्यावरचे पोहे वाफेच्या पातेल्यावरून उचलून विमानात वाढले तर तुम्ही काय म्हणाल? पुढच्या वेळी गाडीवर खा, मग भांडू.

जीरावन
विमानात पोहे मी खाल्ले आहेत, गरम पाणी ओतून. त्या विषयावर न बोललेलं बरं.

बेटावरचा
पुढे लिहितो.

सकाळचं सांगायचं तर हॉटेलचा नाश्ता एक दिवस चुकवाच. गातो पिमाँ खायला. चण्याच्या डाळीचे छोटे गोल वडे, हिरवी मिरची आणि पातीचा कांदा घालून तळलेले. नुसतेही मिळतात, पण तिथला माणूस काय करतो, फ्रेंच पद्धतीचा ताजा पाव चिरतो, आत लोणी लावतो आणि त्यात तीन-चार गरम वडे दाबून बसवतो. सोबत चहा. एवढ्यावर माणसं कामाला जातात. त्याच कढईत वांग्याची भजी, पावाची भजी, बटाट्याचे समोसे असतात. समोसा घेताना मात्र विचारा, चिकनचेही असतात. "साँ लाव्यान" म्हटलं की मांस नको हे कळतं. तसं इंग्रजीही चालतं, आणि वयस्कर गाडीवाला असला तर हिंदीतही उत्तर देतो.

पोर्ट लुईच्या मुख्य बाजारात एक सकाळ काढा. खाली भाजीबाजार, आणि तो बघण्यासारखा आहे. शेवग्याचा पाला, अळू, कारली, भेंडी, सगळं ओळखीचं. त्यातच आलुदा मिळतो. थंड दूध, भिजवलेला सब्जा, अगर-अगरच्या बारीक जेलीचे तुकडे, वर हवं तर आइस्क्रीम. पिल्लईंचा ठेला जुना आणि प्रसिद्ध आहे. तुमच्या धाकटीचं काम तिथेच होईल. हा आपल्या फालुद्याचाच भाऊ, फक्त शेवयांऐवजी जेली. अगर-अगर समुद्री शेवाळापासून करतात, त्यामुळे सासूबाईंनाही हरकत नाही.

बाजारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख मजूर या बंदरात उतरले, बहुतेक भारतातून. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाकी स्थळं तुम्ही यूट्यूबवर पाहिलीत म्हणता म्हणून सांगत नाही, पण हे बघा. त्या दगडी पायऱ्या बघून आल्यावर दालपुरीच्या रांगेत उभं राहणं जरा निराळं होतं.

मधुमालती_सुदामानगर
मी थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि सगळं जेवण हॉटेलातच ठेवलं होतं. मला तेच बरं वाटलं. डिसेंबरात तिथे भर उन्हाळा असतो, विषुववृत्ताच्या खाली आहे ते. दुपारी पोर्ट लुईत घामाच्या धारा. गाडी लावायला जागा नाही. गाडीवर उभ्याने खायचं, हात धुवायला पाणी नाही, सत्तरीच्या माणसाला हे झेपत नाही. रस्त्यावरचं खाल्लं म्हणजेच देश कळला, असं काही नसतं.

बेटावरचा
मधुमालतीताई, उन्हाचं अगदी खरं आहे. उपाय सांगतो. पोर्ट लुईत सकाळी लवकर जा आणि बाजारातून थेट कोदाँ वॉटरफ्रंटला या. तिथे सावली आहे, स्वच्छतागृह आहे, फूड कोर्टात टेबल-खुर्च्या आहेत. आजींना तिथे बसवा, घरच्या एकाने खाणं आणून द्यावं.

गाडी लावायचा त्रास नको असेल तर मेट्रो आहे. पोर्ट लुई, रोझ हिल, कात्र बोर्न, क्युरपिप अशी जाते. फ्लिक आँ फ्लाकला पोचत नाही, पण तिथून कात्र बोर्नपर्यंत बस किंवा टॅक्सी करायची आणि पुढे मेट्रो. रोझ हिलची दालपुरी याच मार्गावर.

मधुमालती_सुदामानगर
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी रात्रीचं जेवण हॉटेलात हवंच हं.

बेटावरचा
रात्रीचं हवंच. त्यात आपलं एकमत.

सुरमई
अहो, सगळं शाकाहारीच चाललंय! आम्ही सीकेपी, लोकमान्यनगरला राहून मासळीसाठी जीव टाकणारे. ताईंच्या नवऱ्यासाठी मी लिहिते.

विंदाय. हे खाल्ल्याशिवाय येऊ नका. तळलेल्या माशाचे तुकडे हळद, भरडलेली मोहरी, लसूण, हिरवी मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात. गरम खायचंच नाही, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. पावात घालून किंवा भाताबरोबर. ऑक्टोपसचंही करतात. ऑक्टोपसचं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, नीट शिजला तर मऊ असतो. त्याचा रस्साही मिळतो, आणि मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर तर तो उन्हात वाळवून ठेवतात. आपण बोंबील वाळवतो ना, तसंच. खारवलेल्या माशाची रुगायसुद्धा बघा. टोमॅटो, कांदा, आलं-लसूण आणि थाइमची पानं. आमच्या आजीच्या सुकटाशी नातं लागतं कुठेतरी.

आणि चिनी लोकांचं खाणं! पोर्ट लुईला चायनाटाउन आहे. "मीन फ्रीर" म्हणजे परतलेल्या शेवया, वर लसणाचं पाणी आणि मिरचीची चटणी. "बुलेत" म्हणजे वाफवलेले गोळे, पातळ सुपात बुडवून देतात. "बोल राँव्हर्से" मुलाला घेऊन द्याच. वाडग्यात तळाशी अंडं, मग भाजी-चिकनचा रस्सा, मग भात दाबून भरतात आणि ताटलीत उपडं करतात. वाडगा उचलला की वर अंड्याची टोपी.

बेटावरचा
सुरमईताईंनी जीव ओतून लिहिलंय. फक्त सासूबाईंसाठी एक धोक्याची सूचना जोडतो. चिनी ठेल्यावर शाकाहाराचा भरवसा धरू नका. शुशू नावाच्या हिरव्या फळभाजीचे बुलेत दिसायला एकदम शाकाहारी असतात, पण आत बरेचदा वाळलेली कोळंबी असते. नूडल्समध्ये अंडं, सॉसमध्ये कालवं. आणि गाडीवर "हलीम" दिसला तर तो डाळीचा वास येऊनही मटणाचा किंवा चिकनचा असतो. विचारून घ्या, न कळलं तर सोडून द्या. दालपुरी, गातो पिमाँ, फराता (हा तव्यावरचा पराठाच, वर तीच उसळ) एवढ्यावर त्यांचं उत्तम चालेल.

त्यांच्यासाठी खास म्हणजे "सेत कारी", केळीच्या पानावर सात भाज्या. लग्नात आणि पूजेला करतात. फणस, लाल भोपळा, कच्चं केळं, वांगं असं काय काय, बरोबर छोट्या पुऱ्या. रोज गाडीवर मिळणारी गोष्ट नाही, पण काही भारतीय-तमिळ खानावळींत मिळते. टॅक्सीवाल्याला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तिथले टॅक्सीवाले खाण्याच्या बाबतीत आपल्या इंदुरी रिक्षावाल्यांइतकेच ठाम असतात.

तिलकनगरवाली
केवढं छान लिहिताय सगळे! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पानावर सात भाज्या मिळणार असतील तर मी पायी चालेन." मधुमालतीताई, ऐकताय ना? 😄
गोडाचं आणि फळांचं सांगा ना. आणि तिथे मराठी लोक आहेत म्हणतात, त्यांचं काही वेगळं खाणं मिळतं का?

रेसकोर्स_रोड
फळांचं मी सांगतो, बाकी मला फारसं माहीत नाही. डिसेंबर म्हणजे लिचीचा हंगाम. रस्त्याच्या कडेला जुड्या बांधून विकतात. आंबेही असतात. पण राजा अननस. छोटा, व्हिक्टोरिया जातीचा. समुद्रकिनाऱ्यावर विकणारा चाकूने डोळे काढत तिरप्या नागमोडी खाचा पाडतो, देठ धरून कुल्फीसारखा हातात देतो आणि वर चिंच-मीठ-मिरची. आम्ही इंदूरहून नेलेलं जीरावन (पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला) त्यावर टाकून बघितलं. त्या विकणाऱ्याने पुडी मागून घेतली हो!

जीरावन
शेवटी माझं नाव आलंच.

बेटावरचा
गोडात दोन गोष्टी. "गातो पतात", उकडलेल्या रताळ्याच्या पारीत खोबरं-साखर भरून तळलेल्या करंज्या. आणि बेकरीत "नापोलितेन", दोन खुसखुशीत बिस्किटांमध्ये जॅम आणि वर गुलाबी साखरेचा लेप. धाकटी खूश होईल. मला एक पुरतो, फार गोड.

मराठीचं म्हणाल तर हो, मुंबई बंदरातून गेलेल्यांचे वंशज आहेत. शाळांमध्ये मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण मराठी खाणं म्हणून वेगळं हॉटेल शोधू नका. ते घराघरात आहे. बाहेरचं खाणं सगळ्यांचं एकच झालंय.

आता एक जागा जी एजंट कधीच सांगत नाही. दक्षिण-पूर्वेला माएबूर म्हणून गाव आहे, विमानतळाच्या जवळ. तिथे १८७० पासून चाललेला मॅनिऑकच्या बिस्किटांचा कारखाना आहे. मॅनिऑक म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कंद किसून, पिळून, त्याचं पीठ साच्यात भरून गरम तव्यावर भाजतात. खाली जाळायला उसाचं वाळलेलं पाचट. आत फिरवून दाखवतात आणि शेवटी चहाबरोबर बिस्किटं देतात. नारळाची घ्या. त्याच गावात सोमवारी मोठा बाजार भरतो, तिथे खाण्याच्या गाड्याही असतात.

सुरमई
कंद म्हणजे साबुदाण्याचा! मग सासूबाईंना एकादशीला चालतील की बिस्किटं.

मधुमालती_सुदामानगर
सराफ्यातली रात्री अकराची साबुदाणा खिचडी जर उपासाची असेल, तर ही बिस्किटंही उपासाची. पण कस्टर्डच्या स्वादाची घेऊ नका, आजी विचारतील त्यात काय आहे म्हणून.

बेटावरचा
😄 एक चहा राहिला. गंगा तलावाला (तिथल्या हिंदूंचं तीर्थ) जालच, तिथून ब्वा शेरीचा चहाचा मळा जवळ आहे. कारखाना बघता येतो आणि वेगवेगळे चहा चाखायला देतात. तिथला व्हॅनिलाचा चहा सगळीकडे पितात. आपल्या आलं-वेलचीवाल्यांना पहिला घोट विचित्र लागतो. दूध-साखर घालून प्या, मग जमतो.

शामारेलला सात रंगांच्या मातीसाठी जाणार असाल तर तिकडच्या डोंगरातल्या खानावळींत क्रिओल जेवण मिळतं. माडाच्या जातीच्या एका झाडाच्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड असतं, ते शाकाहारी आहे आणि महागही. एका गाभ्यासाठी अख्खं झाड पाडावं लागतं. एक ताटली मागवा, पाच जणांत वाटा. माझ्या मते चवीपेक्षा कौतुक जास्त.

आणि कॅटामरानची सहल घेणार असाल तर शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि लेखी सांगा. बोटीवर जेवण म्हणजे मासे आणि चिकन निखाऱ्यावर भाजतात. आयत्या वेळी सांगितलं की हातात येतो पाव आणि कोबीचं सॅलड.

पोहे_विथ_उसळ
रात्रीचं काहीच नाही का मग? मुलं तर बाहेर पडायचं म्हणणारच.

बेटावरचा
आहे की. उत्तरेच्या ग्राँ बे गावात संध्याकाळी हालचाल असते. आणि तुमच्या फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर खाण्याच्या गाड्या उभ्या असतात, मीन फ्रीर, पाव, तळण वगैरे. पण रविवारी तिथला किनारा दिवसा बघा. गावोगावची कुटुंबं बसने येतात, सुरूच्या झाडांखाली चटया टाकतात, घरून बिर्याणीचं पातेलंच घेऊन येतात. कोणी डफासारखं रव्हान वाजवत असतो. हसून बोललात तर ताटली पुढे येते.

तिलकनगरवाली
बरं, मी असं ठरवलंय, चुकलं तर सांगा. उतरल्या दिवशी आराम. रविवारी माएबूरचा बाजार आणि बिस्किटं. मग पोर्ट लुई, बाजार, आलुदा, घाट, ते बरोबर नाताळच्या दिवशी येतंय. नंतर रोझ हिल मेट्रोने. मग गंगा तलाव आणि चहा. शामारेल. एक दिवस बोट.

बेटावरचा
दोन बदल. माएबूरचा बाजार सोमवारी, रविवारी नाही. रविवार किनाऱ्यावर ठेवा. आणि पोर्ट लुई नाताळच्या दिवशी अजिबात नको. सार्वजनिक सुट्टी असते, बरंच काही बंद असतं. नववर्षाच्या बाबतीतही तेच, १ आणि २ जानेवारी दोन्ही दिवस सुट्टी. तेव्हा बोट नाताळला ढकलता येते का बघा, चालू असेल तर.

आणि जाताना शेव, जीरावन, चिवडा बंद पाकिटात न्या. फळं, ताजी भाजी, बी-बियाणं अजिबात नको, परवान्याशिवाय चालत नाहीत आणि विमानतळावर तपासतात.

तिलकनगरवाली
सोमवार केला. पोर्ट लुई नाताळच्या आधी घेतलं. एजंट म्हणाला दुपारच्या जेवणाचे पैसे फारसे कमी होणार नाहीत. नवरा म्हणाला, राहू दे, तरी काढ.

सुरमई
शाब्बास! येताना मिरचीची चटणी आणि फळांचं लोणचं आणाल तर ते चेक-इनच्या बॅगेत टाका, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर द्रव पदार्थ म्हणून तिथेच काढून घेतात.